टोकियोकडून एक वाक्य हवं आहे: जपान सरकारला खुलं पत्र

प्रति,
माननीय पंतप्रधान व माननीय परराष्ट्रमंत्री,
जपान सरकार, टोकियो.

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते आणि गेली २२ वर्षं जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. बहुतेक काम चाकणच्या कारखान्यांतलं. यंत्रांची माहितीपुस्तकं, दर्जा तपासणीच्या बैठका, पाहुण्यांची ने-आण. वर्षातून एखादा गट घेऊन जपानला जाते. ओकायामाचं कोराकुएन दाखवायचंच असतं, कारण त्याच धर्तीवर केलेली बाग आमच्या सिंहगड रस्त्यावर आहे. आणि ओकायामापर्यंत गेलं की हिरोशिमा टाळून परत फिरणं मला जमत नाही.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या प्रश्नातून ते निघालं तो मराठीत विचारला गेला होता. त्याचा जपानी अनुवाद मीच करून आपल्या दूतावासाकडे पाठवणार आहे.

हिरोशिमाच्या संग्रहालयात एका काचेमागे जेवणाचा डबा आहे. शाळकरी मुलाचा. पत्रा चेपलेला, काळा ठिक्कर, आणि आत भातभाजीचा कोळसा. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला तेव्हा शाळेची मुलं जुंपली होती. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ८.१५ वाजता बॉम्ब पडला आणि डबा खायची वेळ आलीच नाही. आईला मुलाचा देह सापडला तेव्हा डबा त्याच्या देहाखाली होता. 'बेंतो-बाको' या शब्दाला मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे. मी 'डबा' म्हटलं आणि गटातल्या बायका गप्प झाल्या. सगळ्याच जणी आयुष्यभर रोज सकाळी डबे भरत आलेल्या.

पुढच्या दालनात अण्वस्त्रबंदी कराराबद्दल वाचताना बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी विचारलं, "यात जपान का नाही?" आमच्याबरोबर एक वयस्कर स्वयंसेवक होते. मी प्रश्न त्यांना जपानीत सांगितला. ते थोडा वेळ काचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छत्रीखाली आहोत ना आम्ही." मी मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, पण मग छत्री ज्याच्या हातात आहे त्याला काही सांगायचंच नाही का?" या प्रश्नाचं जपानी मी केलं, पण उत्तर आलं नाही. त्यांनी मान लववली आणि आम्ही पुढे सरकलो.

दुभाष्याची एक खोड असते. शब्द अडला की त्याचा माग काढत बसायचं. 'काकु नो कासा', अण्वस्त्रांची छत्री, म्हणजे जपानवर हल्ला झाला तर गरज पडल्यास आपली अण्वस्त्रं वापरूनही त्याचं रक्षण करू हे अमेरिकेचं आश्वासन. या शब्दाचा माग काढत मी वर्षभर मिळेल ते वाचते आहे. वाचून कळलं ते असं, की छत्रीवाल्याला सांगता येतं. आपलं सरकार सांगतही आलं आहे. फक्त बहुतेक वेळा नको तेच सांगत आलं आहे.

जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान सातो एइसाकु वॉशिंग्टनला गेले होते. चीनशी युद्ध पेटलं तर अमेरिकेने ताबडतोब अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर द्यावं, अशी अपेक्षा त्यांनी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्यापाशी बोलून दाखवली. याच सातोंनी १९६७ मध्ये 'बाळगणार नाही, बनवणार नाही, आत येऊ देणार नाही' ही तीन तत्त्वं मांडली. १९७४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. १९६५ च्या त्या बोलण्याचे कागद आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये खुले केले, याचा मला मनापासून आदर वाटतो. सगळीच सरकारं असं करत नाहीत.

मग २०१६. २७ मे रोजी ओबामा हिरोशिमाला आले, स्वतः घडी घातलेले कागदी क्रौंच त्यांनी दोन शाळकरी मुलांच्या हातात दिले. मी ते इथे टीव्हीवर पाहिलं आणि रडले. त्याच उन्हाळ्यात 'अण्वस्त्र आम्ही पहिल्यांदा वापरणार नाही' असं अमेरिकेने जाहीर करावं का, यावर त्यांच्या सरकारात खल चालू होता. बातम्या अशा आल्या की दक्षिण कोरिया, जपान आणि युरोपातले मित्रदेश यांना ते नको आहे. त्या वेळच्या पंतप्रधान आबेंनी एका अमेरिकी ॲडमिरलकडे काळजी व्यक्त केल्याचं 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं. आबेंनी तसं बोलणं झाल्याचं नाकारलं. खरं काय ते आपल्या दप्तरात असेल. पण ओबामांच्या मंत्र्यांनी विरोध करताना मित्रदेशांच्या अस्वस्थतेचं कारण पुढे केलं आणि तो विचार बाजूला पडला.

पाच वर्षांनी तेच. अण्वस्त्रांचा एकमेव उद्देश अण्वस्त्रांचा हल्ला रोखणं आणि झालाच तर प्रत्युत्तर देणं एवढाच असावा, असं बायडन निवडून येण्याआधी उघड म्हणत होते. २०२१ मध्ये मित्रदेशांनी पुन्हा नको म्हटल्याच्या बातम्या आल्या, त्यांत जपानचं नाव होतं. ऑक्टोबर २०२२ च्या अमेरिकी धोरणपत्रात 'एकमेव उद्देश' हे शब्द उद्दिष्ट म्हणून उरले. त्या दिशेने मित्रदेशांबरोबर काम करू, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे चेंडू आपल्या अंगणात आहे आणि तो त्यांनीच लेखी टाकला आहे.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. 'अण्वस्त्रांचा एकमेव उद्देश अण्वस्त्र-हल्ला रोखणं हा आहे, असं अमेरिकेने जाहीर केलं तर जपान त्याला हरकत घेणार नाही, उलट पाठिंबा देईल', हे वाक्य आपण उघडपणे म्हणावं. २०१० पासून आपली आणि अमेरिकेची या विषयावर नियमित बोलणी होतात, तिथेही म्हणावं आणि संसदेतही म्हणावं. याला एक येन खर्च येत नाही. एकही सैनिक हलवावा लागत नाही.

एका वाक्याने काय होणार, असं कोणी म्हणेल. तर आपल्याच मंत्रालयातलं एक जुनं पत्र काढून बघा. २००९ मध्ये अमेरिका पाणबुड्यांवरची अण्वस्त्रवाहू टॉमाहॉक क्षेपणास्त्रं मोडीत काढायच्या विचारात होती. ती ठेवावीत असा जपानी अधिकाऱ्यांचा आग्रह असल्याची चर्चा वॉशिंग्टनमध्ये होती. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ओकादा कात्सुया यांनी डिसेंबर २००९ मध्ये हिलरी क्लिंटन यांना पत्र लिहिलं. अमुक अस्त्र ठेवाच असा आग्रह जपानने धरला असेल तर तो माझ्या मताच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेने ती क्षेपणास्त्रं निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं. एकट्या पत्रामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण 'जपानला हवीत' ही सबब त्या पत्राने काढून घेतली. तेव्हा छत्री मोडली नाही, आपल्यावर कोणी चालून आलं नाही.

दुसऱ्यांनीही हे केलं आहे. ३० नोव्हेंबर १९५० ला पत्रकारांशी बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन म्हणून गेले की कोरियात अणुबॉम्बचा विचार नेहमीच चालू असतो. ब्रिटनच्या संसदेत खळबळ उडाली आणि पंतप्रधान ॲटली काही दिवसांतच विमानाने वॉशिंग्टनला पोचले. ब्रिटनमध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं होती, म्हणजे उलटा वार लंडनवर येणार होता. तुमच्याशी बोलल्याशिवाय वापरणार नाही, असं ट्रुमन तोंडी म्हणाले. लेखी निवेदनात मात्र 'माहिती देत राहण्याची इच्छा आहे' एवढंच उरलं. ती कागदावर झालेली घसरण मला दुभाषी म्हणून फार बोचते. तरीही एका मित्रदेशाचा पंतप्रधान समुद्र ओलांडून गेला आणि तोंडावर बोलला.

१९८७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हेल्मुट कोल यांनी आपली ७२ पर्शिंग-१ए क्षेपणास्त्रं मोडीत काढायची तयारी जाहीर केली. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या मध्यम पल्ल्याच्या कराराच्या वाटेतला तो शेवटचा मोठा खडा होता. डिसेंबरमध्ये सह्या झाल्या आणि पुढे दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. याच बोलण्यांत एक वेळ अशी आली होती की युरोपातली सगळी काढायची आणि सोव्हिएत संघाच्या आशियातल्या भागात १०० अण्वस्फोटकं वाहणारी तेवढी ठेवायची. आपले पंतप्रधान नाकासोने यांनी धोका युरोपातून आशियात सरकवणं मान्य नाही असं ठामपणे लावून धरलं. शेवटी आशियातलीही गेली. तो करार २०१९ मध्ये संपला हे दुःख वेगळं. पण मित्रदेशाचं म्हणणं वॉशिंग्टनमध्ये ऐकलं जातं याचा पुरावा जपानच्याच इतिहासात आहे.

आपली भीती मला कळत नाही असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ च्या सकाळी मी एका जपानी पाहुण्यांसोबत चाकणला गाडीत होते. त्यांचं माहेर आओमोरीचं. उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र त्या भागावरून उडालं होतं, सायरन वाजले होते, रेल्वे थांबल्या होत्या. आई फोन उचलेपर्यंत त्या बाईंचा हात थरथरत होता. चीनकडची अण्वस्त्रं झपाट्याने वाढून आता ६०० च्या घरात गेल्याचे अंदाज आहेत. रशियाने युक्रेनमध्ये काय केलं ते सगळ्यांसमोर आहे. अशा शेजारात राहणाऱ्यांना पुण्यात बसून धीर देणं सोपं आहे, हे मला माहीत आहे.

पण त्या आओमोरीच्या आईला नक्की कशामुळे जास्त सुरक्षित वाटेल, हे नीट बघायला हवं. तिच्या गावावर कोणी अणुबॉम्ब टाकला तर अमेरिका प्रत्युत्तर देईल, हे वचन 'एकमेव उद्देश' म्हटल्याने जात नाही. ते शाबूतच राहतं. जाते ती फक्त आधी वापरण्याची धमकी. आता कोणी साध्या सैन्यानिशी एखाद्या निर्मनुष्य बेटावर उतरलं, तर त्यासाठी कोणताही अमेरिकी अध्यक्ष अणुयुद्ध सुरू करेल यावर कोणाचा विश्वास आहे? त्या कामाला जपानमध्ये ५० हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक आहेत आणि आपलं स्वसंरक्षण दल आहे. धमकीचा धाक पडत नसेल, पण तिची भीती मात्र खरी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर कोरियाने कायदाच केला, की आपल्या नेतृत्वावर हल्ला होण्याची चिन्हं दिसली तर आधीच अण्वस्त्र वापरायचं. आपल्यावर पहिला वार होईल अशी धास्ती घेतलेला माणूस चिन्हं कशात बघेल? पडद्यावरच्या एका ठिपक्यात बघेल.

आणि ठिपके फसवतात. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतल्या अँडोया बेटावरून उत्तर ध्रुवप्रकाशाचा अभ्यास करायला एक अग्निबाण सोडला गेला. नॉर्वेने रशियाला आधी कळवलंही होतं. पण तो निरोप रडारवरच्या माणसांपर्यंत पोचला नव्हता. त्यांना तो अमेरिकी पाणबुडीचं क्षेपणास्त्र वाटला आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं सोडायचा हुकूम देण्याची पेटी उघडली गेली. थोड्याच मिनिटांत बाण समुद्राकडे जातोय हे कळलं. नॉर्वे शेजारी देश होता, शास्त्रज्ञ होते, हेतू चांगला होता, पत्र पाठवलेलं होतं. तरी एवढं झालं.

आता हे आपल्याकडच्या पाण्यात आणून बघा. जपान ४०० टॉमाहॉक क्षेपणास्त्रं घेतो आहे, साध्या स्फोटकांची. अमेरिका तिकडे समुद्रातून सुटणारं नवं अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्र बनवते आहे. म्हणजे २०१० मध्ये जे मोडीत काढायचं जाहीर केलं त्याच जातीचं पुन्हा. उद्या ताणतणावाच्या रात्री पूर्व चीन समुद्रावरून काही उडालं, तर बीजिंगच्या किंवा प्योंगयांगच्या रडारवर बसलेल्या माणसाला आत काय आहे हे कसं कळणार? त्याने वाईटात वाईट धरून चालायचं ठरवलं, तर पहिला मार योकोसुका, मिसावा, ओकिनावा इथल्या अमेरिकी तळांवर आणि आसपासच्या वस्त्यांवर बसेल. म्हणून माझी दुसरी मागणी अशी, की हे नवं अण्वस्त्र जपानच्या रक्षणासाठी लागत नाही हे आपण ओकादांसारखंच स्पष्ट सांगावं. २०२३ मध्ये आपण चीनबरोबर संरक्षण खात्यांची थेट फोनलाइन सुरू केलीत, ते फार चांगलं केलंत. तिच्यावर कोणतं क्षेपणास्त्र कधी उडणार याची आगाऊ कल्पना देण्याघेण्याची पद्धत बसवा. आणि निरोप रडारच्या खोलीपर्यंत पोचतो का, याची तालीम करा. नॉर्वेचं पत्र मधेच कुठेतरी अडकलं होतं. बैठकांतून मी रोज बघते, निरोप मधेच अडकतात.

मी स्वतः एका अण्वस्त्रधारी देशाची नागरिक आहे हे विसरून लिहीत नाही. आमच्या देशाने १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला स्फोट केले, अण्वस्त्रबंदीच्या करारात आम्हीही नाही. २००३ च्या आमच्या जाहीर धोरणात पहिला वापर न करण्याचं वचन आहे, पण २०१९ मध्ये आमच्या संरक्षणमंत्र्यांनी पुढे काय ते परिस्थिती ठरवेल असं म्हटलं, तेव्हा मला तीच भीती वाटली जी आपल्याबद्दल लिहिते आहे. दिल्लीला वेगळं पत्र लिहायचं आहे आणि ते मी लिहीन. इथे भारताचं नाव काढायचं कारण दुसरं आहे. १९९८ मध्ये आपण आमची नवी कर्जं आणि अनुदानं थांबवलीत. २०१६ मध्ये अणुऊर्जेचा करार करताना, भारताने पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबवता येईल, ही आपली भूमिका सोबतच्या टिपणात नोंदवून घेतलीत. आमच्याकडे काहींना ते झोंबलं होतं. मला ते योग्य वाटलं होतं. मित्राला अट घालता येते, मैत्री राहते, बुलेट ट्रेनही येते. दिल्लीशी जे जमलं ते वॉशिंग्टनशी अवघड आहे हे कबूल, पण अशक्य कसं म्हणू?

तिसरं सांगायचं ते तीन तत्त्वांबद्दल. 'आत येऊ देणार नाही' या तिसऱ्या तत्त्वाचा फेरविचार व्हावा अशी भाषा आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. २०२२ मध्ये अण्वस्त्रं वाटून घेण्याची चर्चा व्हावी असं आबे म्हणाले होते आणि पंतप्रधान किशिदांनी ते नाकारलं होतं. संकटकाळी ओकिनावात अण्वस्त्रं परत आणू द्यायच्या, अमेरिकेबरोबरच्या १९६९ च्या गुप्त समझोत्याने या तत्त्वाला आतून भोक पाडलेलं होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. भोक पडलं म्हणून भिंत पाडायची नसते. शांततेच्या काळात आपल्या भूमीवर अण्वस्त्रं ठेवू द्यायची नाहीत, हे धोरण नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी १९५७ मध्ये जाहीर केलं, आणि दोघेही नाटोत आहेत.

राहिला अण्वस्त्रबंदी करार. सही आज होणार नाही हे मला समजतं. पण २०२२ मध्ये व्हिएन्नाला कराराची पहिली बैठक झाली तेव्हा जर्मनी, नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया निरीक्षक म्हणून जाऊन बसले. सगळेच त्याच छत्रीखालचे. छत्रीला काही झालं नाही. त्या करारात बॉम्बग्रस्तांना मदत आणि दूषित जमिनीची सफाई यांची कलमं आहेत. या दोन्ही गोष्टींत जपानच्या डॉक्टरांइतकं जगात कोणाला कळतं? मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बैठकीतही आपली खुर्ची नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या सरकारी मोजणीत हयात हिबाकुशांची, म्हणजे अणुबॉम्बमधून वाचलेल्यांची, संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली: ९९,१३०, सरासरी वय ८६. त्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. ओस्लोत भाषण करणारे तानाका तेरुमी तेव्हा ९२ वर्षांचे होते. अशा माणसांना 'पुढच्या बैठकीचं बघू' असं सांगवत कसं?

एक गोष्ट भाषेची सांगते, कारण तेवढंच मला नीट कळतं. शांतता उद्यानातल्या स्मारकशिळेवर कोरलेलं वाक्य दर वेळी गटाला मराठीत सांगावं लागतं. जपानीत त्या वाक्याला कर्ता नाही. चूक कोणाची, कोण पुन्हा करणार नाही, हे त्यात नाही. १९५२ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातले आमच्याकडचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल तिथे आले तेव्हा त्यांनी यावरच बोट ठेवलं होतं. इंग्रजीत सांगताना कुठला तरी कर्ता घालावाच लागतो. मराठीत मात्र नाही घातला तरी चालतं. "शांत झोपा. ती चूक पुन्हा होऊ देणार नाही." 'मी', 'आम्ही', 'तो', यांतलं काहीही घातलं तरी क्रियापद तेच राहतं. गटातले लोक मनात आपापला कर्ता घालतात. मी टोकियोचा घालते.

येत्या ऑगस्टमध्ये पुन्हा एक गट घेऊन येते आहे. त्या काकूही येणार आहेत, या वेळी बहिणीला घेऊन. डब्यापाशी थांबू, पुढच्या दालनात जाऊ, आणि त्या तोच प्रश्न विचारतील, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. तोवर आपलं उत्तर आलं तर मी ते जसंच्या तसं मराठीत सांगेन, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक दुभाषी, पुणे